एक्स्ट्रीम मॅक्रोतला धूसर फोटो: आधी पंखा बंद करा, लेन्सवर संशय शेवटी

खडे मिठाचा दोन-अडीच मिलिमीटरचा एक खडा घेतला, पाच पट मोठा करून त्याचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो छान दिसतो. कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम केला की जीव खट्टू होतो. जिथे सुरीसारखी कड दिसायला हवी, तिथे एकीला खेटून दुसरी अशा दोन कडा दिसतात, नाहीतर दुधावरच्या सायीसारखी मऊ पसरलेली एकच. फोकस चुकला म्हणावं, तर मागे-पुढे करूनही धार कुठेच सापडत नाही.

घरातल्या बारीकसारीक वस्तूंचे असे फोटो मी बारा वर्षं काढतोय. काडेपेटीची काडी, बॉलपेनचं टोक, खसखस, जुन्या पैठणीची जर. या वर्षांत हा एकच दोष मी माझ्या आणि ओळखीच्यांच्या मांडणीत इतक्या वेळा शोधलाय, की तपासणीचा क्रम हाताला पाठ झालाय. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला संशय लेन्सवर जातो. एका मित्राने तर चांगली लेन्स पडत्या भावात विकली, दुसरी आणली, आणि नव्या लेन्सनेही तीच दुहेरी कड दाखवली. दोष छताच्या पंख्यात होता. ते पैसे वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

खालचं सगळं दोन पटीच्या पुढच्या कामाला लागू आहे, म्हणजे जिथे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) पडणारं चित्र वस्तूच्या दुपटीहून मोठं असतं. साधन कुठलंही असो: रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवलेली किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स), बेलोज (कॅमेरा आणि लेन्समधला लांब-आखूड होणारा भाता), एक्स्टेंशन ट्यूब (त्याच जागी बसणारी पोकळ नळी), कॅननची एक ते पाच पटीची एमपी-ई ६५, लाओवाची २५ मिमी, किंवा मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचं भिंग).

लक्षणं

'फोटो शार्प येत नाही' एवढ्यावरून निदान होत नाही. धूसरपणाचेही प्रकार असतात. ते डोळ्यांनी ओळखता आले की निम्मं काम झालं.

कड दुहेरी दिसते, किंवा सगळे बारीक ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतात. ही हालचाल. कॅमेरा हलला, वस्तू हलली किंवा दोन्ही हललं.

अख्खा फोटो सारखाच मऊ आहे, कुठल्याही दिशेला ओढलेला नाही, आणि फोकस पुढे-मागे केला तरी तसाच राहतो. इथे बहुतेक वेळा ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) गरजेपेक्षा जास्त बंद केलेलं असतं. क्वचित लेन्समध्ये बुरशी किंवा बाष्प असतं.

तपशील आहे, पण काळा रंग काळा राहत नाही, मधोमध फिकट धुक्यासारखा गोल दिसतो. एक्स्टेंशन ट्यूबच्या किंवा बेलोजच्या आतून उजेड परावर्तित होतोय.

डावी बाजू तल्लख, उजवी विरघळलेली: वस्तू आणि सेन्सर समांतर नाहीत.

सुटा फोटो चांगला आहे, पण स्टॅक केल्यावर (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले अनेक फोटो सॉफ्टवेअरने एकात जोडल्यावर) तल्लख आणि मऊ असे आळीपाळीने पट्टे येतात. दोन फोटोंमधलं अंतर जास्त पडलंय. आणि स्टॅकमध्ये मुंग्यांच्या रांगेसारख्या काळपट रेघा दिसल्या, तर ती सेन्सरवरची धूळ आहे. सॉफ्टवेअर एकेक फोटो किंचित लहान-मोठा करून जुळवतं, त्यामुळे एकाच धुळीच्या कणाची रांग तयार होते.

आधी कसोटीचा फोटो

मिठाचा खडा, खसखस यांच्यावर तपासणी करू नका. त्या उंचसखल वस्तू आहेत, कुठला भाग फोकसमध्ये असायला हवा हेच कळत नाही. सकाळच्या वर्तमानपत्रातला रंगीत फोटो कापा आणि काचेच्या तुकड्यावर चिकटवून सपाट करा. तीन-चार पटीलाच त्यातले निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके सुटे दिसू लागतात. कसोटीला याहून स्वस्त वस्तू मला सापडलेली नाही. कागदाचे तंतूही दिसतात, त्यावर फोकस नेमका बसवता येतो.

आता काहीही न बदलता, नेहमीसारखे पाच फोटो काढा. पाचांतले दोन चांगले आणि तीन वाईट निघाले, तर लेन्स निर्दोष आहे. काच दर फोटोला आपला स्वभाव बदलत नाही. पाचही सारखेच वाईट असतील, तर संशय ॲपर्चर, बुरशी आणि धुक्याकडे वळवा. ही तुलना फुकट आहे, पण ती करून आलेले लोक मला क्वचितच भेटतात.

हालचाल

हिशेब साधा आहे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाच पटीला वस्तू ३ मायक्रॉन हलली, तर सेन्सरवरचं चित्र १५ मायक्रॉन सरकतं, म्हणजे जवळपास चार पिक्सेल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या विसाव्या भागाइतकी हालचाल फोटो बिघडवायला पुरते, आणि तेवढी हालचाल घरात कायम चालू असते. छताचा पंखा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सोसायटीची पाण्याची मोटर, शेजारचा मिक्सर, खालून जाणारा डंपर. मी डोंबिवलीत रेल्वेमार्गाजवळ राहतो. लोकल गेल्यावर लाइव्ह व्ह्यूमधलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर सतत दिसणारं चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो, हे मी असंख्य वेळा पाहत बसलोय.

पहिली तपासणी पाण्याच्या वाटीची. मांडणीच्या टेबलावर पाणी भरलेली स्टीलची वाटी ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाण्यावर टाका. छतावर उजेडाचा कवडसा पडेल. पंखा चालू असताना तो कसा थरथरतो पाहा. मग पंखा बंद करून मिनिटभर थांबा. पुन्हा पाहा. मग खोलीत चाला. ज्याने कवडसा हलतो, त्याने तुमचा फोटोही हलतो. वाटी नुसत्या वाऱ्यानेही थरथरते, म्हणून एकदा वर काच झाकून बघा. काच झाकूनही कवडसा हलत असेल, तर हालचाल टेबलातून येतेय.

त्यानंतर कॅमेऱ्यातली हालचाल. शटरचं बटण बोटाने दाबू नका. दोन सेकंदांचा टायमर कमी पडतो, मी दहाचा लावतो किंवा रिमोट वापरतो. डीएसएलआर असेल तर मिरर लॉक-अप (आतला आरसा फोटोआधीच वर धरून ठेवण्याची सोय) चालू करा. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर निवडा, म्हणजे एक्स्पोजर सुरू होताना यांत्रिक पडदा आपटत नाही. लेन्समधलं आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेरा पक्क्या स्टँडवर असताना काही यंत्रणा नसलेली हालचाल सुधारायला जातात आणि स्वतःच चित्र हलवतात.

पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरने हालचाल सगळ्यात कमी होते, पण एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे पडतात. पट्टे दिसले तर दिवा बदला, लेन्सला हात लावू नका.

फ्लॅशची कसोटी

घरात साधा स्पीडलाइट (सुटा फ्लॅश) असेल तर हालचाल आहे की नाही, हे दहा मिनिटांत निर्विवाद कळतं. खोलीत अंधार करा, बाकी सगळे दिवे बंद. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा, १/६४ किंवा १/१२८ पॉवरवर. एवढ्या कमी पॉवरला फ्लॅशचा लखलखाट साधारण १/२०,००० सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो. एवढ्या वेळात पंख्याची थरथर दिसण्याइतकं अंतर कापतच नाही. म्हणून शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी चालतं, फोटो फक्त लखलखाटाच्या क्षणाचा निघतो.

वर्तमानपत्राचा तोच तुकडा एकदा टेबललॅम्पच्या उजेडात आणि एकदा फ्लॅशने काढा. फ्लॅशचा फोटो तल्लख आणि लॅम्पचा मऊ आला, तर प्रश्न सुटला. तुमची लेन्स चांगली आहे, खोली हलतेय. यापुढे फ्लॅशनेच काम करा, किंवा खाली लिहिलेला कडप्प्याचा उपाय करा. दोन्ही सारखेच मऊ आले, तर हालचालीचा नाद सोडा आणि ॲपर्चरकडे या.

दोन चुका नेहमीच्या. फ्लॅश फुल पॉवरवर ठेवला की लखलखाट बराच लांबतो आणि कसोटीला अर्थ राहत नाही. पॉवर कमी ठेवा, उजेड कमी पडला तर फ्लॅश वस्तूच्या आणखी जवळ आणा. दुसरं म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅश उडतच नाही. फ्लॅश बिघडला समजून घाबरू नका, शटरचा प्रकार बदला.

ॲपर्चर

माझ्यापुढे आलेल्या, सगळा फोटो सारखाच मऊ असलेल्या तक्रारींतल्या बहुतेक इथेच मिटल्या. लोक डेप्थ (फोकसमध्ये दिसणारी खोली) वाढावी म्हणून एफ/११, एफ/१६ लावतात; एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. साध्या फोटोत ते बरोबरही असतं. पाच पटीला त्याच सवयीने घात होतो.

लेन्स सेन्सरपासून जसजशी लांब जाते, तसतसं ॲपर्चर प्रत्यक्षात लहान होत जातं. ढोबळ सूत्र असं: लेन्सवरच्या एफ आकड्याला मॅग्निफिकेशन (चित्र किती पट) अधिक एकने गुणा. पाच पटीला एफ/११ म्हणजे ११ गुणिले ६, खरं ॲपर्चर एफ/६६. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात विवर्तन म्हणून शिकतो तेच हे. एफ/६६ ला प्रत्येक बिंदूची सेन्सरवर साधारण ८८ मायक्रॉनची चकती होते, म्हणजे वीस-बावीस पिक्सेलचा डाग. तेच एफ/२.८ ठेवलं तर खरं ॲपर्चर साधारण एफ/१७, आणि चकती २२-२३ मायक्रॉनची. जगातली सर्वोत्तम लेन्स आणली तरी एफ/६६ चा डाग लहान होत नाही. प्रकाशाचाच स्वभाव तसा आहे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा आकडाही फसवतो. निकॉनच्या मॅक्रो लेन्स जवळ फोकस केल्यावर बदललेला, खरा आकडा दाखवतात. कॅननच्या लेन्स लेन्सवरचा मूळ आकडाच दाखवत राहतात. एक्स्टेंशन ट्यूब आणि उलट्या लेन्सच्या बाबतीत हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो.

मी एक पटीला एफ/८, दोन पटीला एफ/५.६, चार-पाच पटीला एफ/२.८ ते एफ/४ याच्या पुढे जात नाही. डेप्थ हवी असेल तर ती स्टॅकिंगने मिळवायची, ॲपर्चर बंद करून नाही. तपासायचं असेल तर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर फ्लॅशने एफ/२.८, ४, ५.६, ८ आणि ११ असे पाच फोटो काढा आणि शेजारी-शेजारी लावा. तुमच्या लेन्सचा सर्वात चांगला आकडा तुम्हाला दिसेल, तो लेन्सवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. स्वस्त लेन्स पूर्ण उघडी असताना कडांना जांभळट झालर दाखवते. ती ॲपर्चर एक-दोन स्टॉप (टप्पे) बंद केल्यावर जाते, तेवढंच बंद करा.

मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हला ॲपर्चर बदलण्याची सोयच नसते. ०.१० एनएचं (एनए म्हणजे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं त्याचा आकडा) चार पटीचं आणि ०.२५ एनएचं दहा पटीचं, दोन्हींचं खरं ॲपर्चर एफ/२० च्या आसपास बसतं. ज्यांना सवयीने ॲपर्चर बंद करण्याचा मोह आवरत नाही, त्यांना मी मुद्दाम चार पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर काम करायला लावतो.

वस्तूच बदलत असेल तर

एका ऑगस्टमध्ये मी खडे मिठाचा स्टॅक घेत होतो. शंभर फोटो, पंखा बंद, फ्लॅश, सगळं जागेवर. तरी कडा दुहेरी. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पहिला आणि शंभरावा फोटो एकावर एक ठेवून पाहिले. पहिल्या फोटोत खड्याचा कोपरा टोकदार होता, शंभराव्यात तो गोलावला होता आणि त्याच्या पायाशी पाण्याचं चिमुकलं तळं साचलं होतं. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलं होतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ७५ टक्के म्हणजे कोरडा दिवस. माझा कॅमेरा स्थिर होता, वस्तू माझ्या डोळ्यांदेखत वितळत होती. आता मिठाचे आणि साखरेचे स्टॅक मी सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवलेल्या खड्यांवर, झटपट घेतो. उरलेले हिवाळ्यावर ढकलतो.

म्हणून पहिला आणि शेवटचा फोटो ताडून पाहणं ही माझ्या यादीतली कायमची तपासणी झाली. कोथिंबिरीचं पान दिव्याच्या उबेने सुकून वाकतं. मुलांच्या खेळण्यातल्या मातीत रोवलेली सुई हळूहळू कलते, कारण माती दिव्याच्या तापाने सैल होते. कापसाचा धागा वळत राहतो. वस्तू टेकवून ठेवू नका, चिकटवा. खसखशीला दुतर्फी टेप, काडीला लाकडी चिमटा, सुईला खोडरबर. आणि चिकटवल्यावर दहा मिनिटं हात न लावता राहू द्या.

कधी वस्तूच मुळात तशी असते. १६६५ साली रॉबर्ट हुकने प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत सुईचं टोक बोथट आणि खडबडीत होतं, आणि छापलेला पूर्णविराम म्हणजे शाईचा ओबडधोबड डाग होता. वापरून वापरून झिजलेल्या नाण्याची अक्षरं गोलावलेलीच असतात, त्यात लेन्सचा दोष शोधू नये. शंका आली तर पैठणीची जर लावून बघा. रेशमी धाग्याभोवती चपटी चकचकीत पट्टी गुंडाळलेली असते. तिच्या वेढ्यांच्या कडा इतक्या रेखीव असतात, की त्या मऊ दिसल्या तर दोष मांडणीत आहे हे नक्की.

एक बाजू मऊ

पाच पटीला एफ/२.८ वर फोकसची जाडी जेमतेम २५ मायक्रॉन असते, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या भागाइतकी. नाणं अर्ध्या अंशाने कललं तरी फ्रेमच्या दोन टोकांत त्याहून जास्त फरक पडतो. वस्तूच्या जागी लहानसा आरसा सपाट ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूत पाहत फोकस मागे घ्या, म्हणजे आरशात लेन्सचंच प्रतिबिंब दिसेल. ते फ्रेमच्या मधोमध येईपर्यंत आरशाखाली कागदाच्या घड्या सारा. मग आरसा काढून त्या जागी वस्तू ठेवा. आरसा सरळ करूनही नेहमी तीच एक बाजू मऊ राहिली, कॅमेरा फिरवला तरी मऊपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला, तर लेन्सचं एखादं भिंग जागचं सरकलंय. हे घरी सुधारत नाही.

स्टॅकमधले पट्टे

फोकसच्या जाडीपेक्षा दोन फोटोंतलं अंतर जास्त झालं, की मधली पट्टी कुठल्याच फोटोत तल्लख नसते. सॉफ्टवेअर ती कुठून आणणार? पाच पट एफ/२.८ ला मी २० मायक्रॉनचा टप्पा घेतो, चार पटीच्या ऑब्जेक्टिव्हला ४०, दहा पटीच्या ०.२५ एनएला ६. दोन मिलिमीटर खोल मिठाच्या खड्याला २० मायक्रॉनने शंभर फोटो लागतात, यात बचत होत नाही.

हाताने फिरवायच्या रेलचा (कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या साधनाचा) एक फेरा मिलिमीटरभर पुढे जात असेल, तर २० मायक्रॉन म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. तो हाताने एकसारखा साधणं फार कठीण आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेल्या मायक्रोस्कोपचा फाइन फोकसचा स्क्रू वापरतो. त्याचा एक फेरा ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे फेऱ्याचा दहावा भाग फिरवला की काम झालं. स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवा. मागे घेतला की आट्यांमधली मोकळी जागा आधी भरून निघते आणि पहिले काही टप्पे जागच्या जागी पडतात. चुकून मागे गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या.

सॉफ्टवेअरची पद्धतही बदलून बघा. झेरीन या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा पद्धती आहेत. पीमॅक्स बारीक तंतू आणि एकमेकांवर आलेल्या कडा चांगल्या जुळवतं, पण नॉइज वाढवतं. डीमॅप रंग आणि पोत मऊसूत ठेवतं, मात्र कडांभोवती वलयं सोडतं. हेलिकॉन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी पद्धत पीमॅक्सच्या जवळची आहे. वलयं एका पद्धतीत दिसली आणि दुसरीत नाही, तर ती फोटोंत नव्हतीच.

धुकं आणि धूळ

एक्स्टेंशन ट्यूबची किंवा बेलोजची आतली बाजू काळी असली तरी चमकते. कॅमेरा काढा, नळीतून खिडकीकडे पाहा. आतल्या भिंतीवर राखाडी चकाकी दिसली, तर तोच उजेड तुमच्या फोटोत धुकं बनून बसतोय. खरखरीत काळा कागद किंवा काळ्या मखमलीची पट्टी आत गुंडाळून बसवा. मखमलीचे तंतू सेन्सरवर गळणार नाहीत ना, हे आधी झटकून पाहा. खर्च नगण्य, फरक मात्र लगेच दिसतो.

धुळीसाठी फक्त रबरी ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड खाली, तीन-चार झोत. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा सूक्ष्म डाग ब्लोअरने निघत नाही.

कडप्प्याचा पाया

इथून पुढे मेहनत आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि वस्तू टेबलावर, ही मांडणी पाच पटीला टिकत नाही, कारण दोघं वेगवेगळे हलतात. दोघांना एकाच पायावर आणा, म्हणजे हलले तरी बरोबर हलतील. फरशीवाल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा मिळतो, दोन फूट लांब घ्या. खाली सायकलची ट्यूब अर्धीच हवा भरून ठेवा, वर कडप्पा. त्यावर कॅमेरा आणि वस्तूचा स्टँड दोन्ही बोल्टने पक्के करा. जड दगड आणि मऊ ट्यूब मिळून जमिनीतली जलद थरथर वर पोहोचू देत नाहीत. ट्यूब टणक फुगवली तर काहीच उपयोग होत नाही, बोटाने दाबल्यावर सहज दबली पाहिजे. पुन्हा पाण्याची वाटी ठेवून कवडसा पाहा.

लेन्स, शेवटी

अंधारात लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, एकसारखं दूध पसरल्यासारखं दिसलं तर बाष्पाचा थर. धुळीचे सुटे कण दोन-चार दिसले तर दुर्लक्ष करा, त्यांनी फोटो बिघडत नाही. बुरशी आपल्या किनारपट्टीला पाचवीला पुजलेली आहे. ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवली तर ती पसरत नाही, पण लागलेली जात नाही.

रिव्हर्स रिंग लावली असेल तर ती सैल नाही ना, लेन्स हातात धरून हळूच हलवून बघा. थोडी जरी टकटक जाणवली तर रिंग बदला.

इथे थांबा

भिंगांच्या आत बुरशी असेल तर लेन्स उघडू नका. भिंग परत बसवताना केसभर सरकलं, तरी एक बाजू कायमची मऊ होते. ब्लोअरने न निघणारा सेन्सरवरचा डाग, तेल सुटून चिकटलेली ॲपर्चरची पाती, पडलेली लेन्स, हे सगळं दुरुस्ती करणाऱ्याचं काम. फ्लॅश तर कधीच उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो टिकून राहतो. तो झटका जीवावर बेतू शकतो.

दुरुस्तीला देण्याआधी खर्चाचा अंदाज मागा. जुन्या किट लेन्सची बुरशी काढायला तिच्या किमतीपेक्षा जास्त मागितले, तर दुसरी जुनी लेन्स घेणं बरं. देताना वर्तमानपत्राच्या तुकड्याचे फ्लॅशने काढलेले दोन फोटो पेनड्राइव्हवर द्या, एक पंखा बंद असतानाचा आणि एक कॅमेरा १८० अंशांत फिरवून घेतलेला. सोबत चिठ्ठीवर मॅग्निफिकेशन, ॲपर्चर आणि मऊ पडणारी बाजू लिहा. परत आणल्यावर तेच दोन फोटो त्याच तुकड्याचे पुन्हा काढा, म्हणून तो तुकडा जपून ठेवा.